सत्तावीस मिनिटं

आमच्या सोसायटीत एका रात्री एकाच घरातल्या दोघांचा खून झाला. नवरा-बायको, दोघंही साठीच्या पुढचे. त्या खटल्यात मी सरकार पक्षाची साक्षीदार आहे. माझी साक्ष आणि उलटतपासणी दोन्ही खुल्या कोर्टात पूर्ण झाली आहे, म्हणून मी तिथे शपथेवर जे सांगितलं तेवढं इथे लिहिते आहे. गावाचं नाव, त्या कुटुंबाचं नाव, आरोपी कोण, यातलं काहीही सांगणार नाही. खटला अजून सुरू आहे. मला लिहायचं आहे ते त्या आधीच्या काही महिन्यांबद्दल. कोर्टात एक कागद जायच्या आत अख्ख्या तालुक्याने मोबाईलवर निकाल लावून टाकला होता, आणि तो निकाल आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्याच्या घड्याळावर उभा होता.

आमची सोसायटी छोटी, रो-हाउसची. मी तिची सेक्रेटरी. गेटवर एक कॅमेरा, त्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, आणि मॉनिटर वॉचमनच्या केबिनमध्ये. त्या रात्री त्या घरातला मुलगा कामावरून परत आला, आत गेला आणि थोड्या वेळाने ओरडत बाहेर आला. ११२ला फोन त्यानेच केला. पोलीस आले, घराला दोरी लावली, मग ठसेतज्ज्ञ आले, फॉरेन्सिकची गाडी आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसांनी घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करावेत, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू झाला, आणि आमच्याकडची घटना त्यानंतरची. पोलीस घरात होते तेवढ्या वेळात केबिनपाशी जमलेल्यांनी वॉचमनला रेकॉर्डिंग मागे न्यायला लावलं. मुलगा गेटमधून आत येतो तिथे ते थांबवलं आणि कुणीतरी मॉनिटरचा फोटो काढला.

सकाळी तो फोटो माझ्याही मोबाईलवर आला. दुचाकी, हेल्मेट घातलेला मुलगा, आणि वरच्या कोपऱ्यात वेळ, १०.०९. खाली मजकूर होता: 'घरात शिरला १०.०९ला. पोलिसांना फोन १०.४१ला. बत्तीस मिनिटं आत काय करत होता?'

फोनची वेळ खरी होती, स्थानिक बातम्यांत ती आली होती. फोटोही खरा होता, तो कुणी बनवलेला नव्हता. म्हणूनच तो इतका चालला. दुपारपर्यंत दुसऱ्या गावांतल्या नातेवाइकांचे मला फोन यायला लागले, 'तुमच्या शेजारच्या मुलानेच केलं ना?'

मग त्या बत्तीस मिनिटांत जो तो आपल्याकडचं काही ना काही भरायला लागला. दाराचं कुलूप तुटलेलं नव्हतं, म्हणजे घरातलाच माणूस. काकूंच्या अंगावरचे दागिने तसेच होते, म्हणजे चोरी नाही. घर वडिलांच्या नावावर होतं, म्हणजे हेतू मिळाला. गेटवरच्या कॅमेऱ्यात त्याच्याशिवाय परकं कुणी दिसत नाही, म्हणजे दुसरं कुणी आलंच नाही. आमच्या मागच्या कुंपणाची भिंत कमरेएवढी आहे आणि तिच्या पलीकडे शेताची वाट आहे, हे लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत होतं. श्वानपथकाचं कुत्रं मागच्या अंगणात फिरून पुन्हा घरातच आलं, याचाही पुरावा झाला. कुत्र्याने काढलेला माग तपासाला दिशा देतो, तेवढ्यावर कुणाला दोषी धरत नाहीत, हे कोणी लिहिलं नाही. प्रेतं थंड पडली होती असं कुणी तरी कुणाकडून तरी ऐकलं, त्यावरून मिनिटांचे हिशेब झाले. प्रत्यक्षात शवविच्छेदनावरून मृत्यूची वेळ तासांच्या पट्ट्यात सांगता येते. हवा किती गरम होती, अंगावर कपडे किती होते, माणूस किती जाड होता, यावर ती मागे-पुढे होते. तिथे मिनिटांना जागाच नसते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो रडला नाही. अंत्यविधीचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत होता आणि त्याखाली शेकडो माणसं एका मुलाचा चेहरा वाचत होती. मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि त्याला कुणी काही विचारलं की दोनदा विचारावं लागत होतं. आघात झालेला प्रत्येक माणूस हंबरडा फोडतो असं नाही, एवढी साधी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या एखाद्या मृत्यूत आपण पाहिलेली असते. तरी दुसऱ्याच्या बाबतीत आपल्याला ती आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डीव्हीआर जप्त करायला पोलीस आले. तो पंचनामा मला सविस्तर सांगायचा आहे, कारण पुढचं सगळं त्यावर फिरलं.

तपासी अधिकाऱ्यांबरोबर दोन पंच होते, दोघंही आमच्या सोसायटीबाहेरचे. एक हवालदार सगळ्या कारवाईचं मोबाईलवर चित्रीकरण करत होता. झडती-जप्तीचं असं चित्रीकरण आता त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं, त्यासाठी पोलिसांकडे ई-साक्ष्य नावाचं ॲप आहे. मला वाटलं होतं, येतील, मशीन उचलतील आणि जातील. पण साहेबांनी मशीनला हात लावायच्या आधी मॉनिटर चालू ठेवायला सांगितला, स्वतःचा मोबाईल काढून त्याच्या शेजारी धरला आणि पंचांना म्हणाले, "दोन्ही वेळा मोठ्याने वाचा." पंचांनी वाचल्या. मोबाईलवर ११.५२, मॉनिटरवर ११.२५. डीव्हीआर सत्तावीस मिनिटं मागे होता.

साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, हे मशीन नेटला जोडलेलं आहे का?" नव्हतं. नेटला जोडलेलं असलं की असं यंत्र आपली वेळ आपोआप जुळवून घेतं. जोडलेलं नसलं की आतलं छोटं घड्याळ दिवसाला काही सेकंद मागे किंवा पुढे सरकत राहतं, वर्षभरात ते अर्ध्या तासापर्यंत जाऊ शकतं. साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी फक्त लेखनिकाला सांगितलं, "लिहा, डीव्हीआरवरील वेळ ही प्रत्यक्ष वेळेपेक्षा सत्तावीस मिनिटे मागे असल्याचे पंचांसमक्ष दिसून आले." मग हार्ड डिस्क काढली, तिचा नंबर लिहिला, पाकिटात घालून पंचांच्या सह्यांची लेबलं चिकटवली, लाखेने सील केलं.

मी तिथेच उभ्या उभ्या मनात बेरीज केली. १०.०९ आणि सत्तावीस, १०.३६. फोन १०.४१ला. गाडी लावून, दार उघडून, आईवडिलांना तसं पाहून, हात थरथरत असताना फोन लावायला पाच मिनिटं. बत्तीस मिनिटं कधी नव्हतीच.

नंतर प्रमाणपत्राचा सोपस्कार झाला. कॅमेऱ्याचं चित्रण कोर्टात वाचलं जायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात तेच ६५-बी होतं. आपल्या जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं, तेव्हापासून पोलीस त्याबाबत फार काटेकोर झाले आहेत. नव्या कायद्यात त्याचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, म्हणजे मी. भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, ६४ अक्षरांची आणि आकड्यांची एक ओळ. चित्रणात कुणी एक ठिपका जरी बदलला तरी ही ओळ पार बदलते. मी ती ओळ एकेक अक्षर बोटाने ताडून पाहिली आणि मगच सही केली. सायबरच्या माणसाला घाई होती, पण माझी सही होती आणि त्यामागे एका माणसाचं आयुष्य होतं.

माझा जबाब घ्यायला पोलीस घरी आले. स्त्रियांना, साठीपुढच्यांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना, अपंगांना आणि गंभीर आजारी माणसांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, ते राहतात तिथेच जाऊन जबाब घ्यायचा असतो. बऱ्याच जणींना हे ठाऊक नसतं, म्हणून लिहून ठेवते. दुसरी गोष्ट म्हणजे या जबाबावर सही करायची नसते. कायदाच सांगतो की पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये. कोणी सही मागितली तर शांतपणे हे सांगावं.

जबाब संपल्यावर मी साहेबांना विचारलं, "घड्याळाचं मी ग्रुपवर सांगू का? त्या पोराचे हाल चाललेत."

ते म्हणाले, "नाही, ताई."

मी कारण विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते तेव्हा मला कठोर वाटलं. अजून कुणाला अटक झालेली नव्हती. ज्याने केलं तोही हे सगळं वाचत असणार. पोलिसांकडे काय आहे, कोणती वेळ नक्की झाली आहे, हे त्याला कळता कामा नये. शिवाय ज्यांचे जबाब अजून व्हायचे आहेत ते साक्षीदार तुमचं वाचून आपापल्या वेळा जुळवून घेतील, मग त्या जबाबांना काही अर्थ राहणार नाही. "तुम्हाला माहीत असलेलं तुम्ही कोर्टातच सांगायचं," असं म्हणून ते उठले.

मग मी गप्प बसले. ते गप्प बसणं फार जड गेलं. रोज सकाळी मोबाईल उघडला की तोच फोटो नव्या मजकुरासह समोर यायचा. कुणी त्यावर लाल वर्तुळ काढलं होतं. कुणी बत्तीस मिनिटांचा तक्ता केला होता, पहिल्या दहात हे, पुढच्या दहात ते. एका ग्रुपमध्ये स्वतःला कायद्याचा जाणकार म्हणवणाऱ्या एकाने लिहिलं की नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे घरात जे घडलं त्याचा खुलासा घरातल्याने द्यायचा असतो, त्याला तो देता आला नाही की संपलं. हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं खोडायला सगळ्यात अवघड जातं. जुन्या कायद्यात हे कलम १०६ होतं. २००६ मध्ये त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की घराच्या चार भिंतींत गुन्हा घडला तर आत असलेल्यांवर खुलाशाची जबाबदारी येते. पण गुन्हा घडला तेव्हा तो माणूस घरात होता, हे आधी सरकार पक्षाने दाखवायचं असतं. त्यानंतर त्याच्या खुलाशाचा प्रश्न येतो. म्हणजे सगळं पुन्हा वेळेवरच येतं.

आणि नुसत्या परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषी धरायचं तर काय काय सिद्ध व्हावं लागतं, हे मूळ पुण्याच्या सारडा खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच मुद्द्यांत सांगून ठेवलं आहे. साखळीची प्रत्येक कडी पक्की हवी, आणि त्या साखळीतून आरोपीच्या निर्दोषपणाची वाजवी शक्यता उरता कामा नये. आमच्या ग्रुपवरच्या साखळीत एकही कडी कोणी हाताने ओढून पाहिली नव्हती. नोएडाच्या आरुषी या मुलीच्या खुनाचं प्रकरण तर सगळ्यांना तोंडपाठ होतं, उठसूट त्याचा दाखला दिला जायचा. त्या प्रकरणात मे २००८ मध्ये पहिल्या दिवशी घरच्या नोकराला संशयित ठरवलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. पुढे आईवडिलांना २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. मेलेल्या माणसाला एक दिवसभर देशाने खुनी मानलं होतं. आमच्याकडे दाखला मात्र 'बघा, घरातलेच असतात' यासाठी दिला जात होता.

मला भीती वाटत होती ती शब्दांची नव्हती. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ला मुलं पळवणारी टोळी आली अशा मोबाईलवरच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. आमच्या सोसायटीतल्या त्या मुलाच्या घरावर एका रात्री दगड आले, मागच्या खिडकीची काच फुटली. तो बहिणीकडे राहायला गेला. लगेच मजकूर आला, 'पळाला'.

पोलिसांनी आसपासच्या ग्रुपच्या ॲडमिनना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली प्रतिबंधात्मक नोटिसा दिल्या, मलाही आली, कारण सोसायटीच्या ग्रुपची ॲडमिन मी. सभासदाने काही टाकलं तर केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलेलं आहे, त्यामुळे मी घाबरले नाही. पण ती नोटीस मी ग्रुपवर टाकली, फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग केली, आणि एकच वाक्य लिहिलं की ज्याने जे स्वतः पाहिलं किंवा ऐकलं असेल त्याने ते पोलीस ठाण्यात सांगावं. त्यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सेक्रेटरी काहीतरी लपवते आहे असं दुसऱ्या ग्रुपवर आलं. ते खरंही होतं, मी लपवत होते, आणि लपवणं हेच तेव्हा माझं काम होतं.

याहून मोठं नुकसान आमच्या समोरच्या आजींचं झालं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी होताना पाहिलं. आजी सत्तरीच्या. त्या रात्री त्या जाग्या होत्या. दुसऱ्या दिवशी पोलीस त्यांच्या घरी जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून मी शेजारी बसले होते. त्यांनी सांगितलं की नऊच्या बातम्या संपल्यानंतर मागच्या बाजूला कुत्री भुंकली आणि पत्र्यावर काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. किंकाळी ऐकली का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा नाही म्हणाल्या. दोन-तीन आठवड्यांनी नातवाने त्यांना कुठलासा व्हिडिओ दाखवला, त्यात म्हटलं होतं की शेजाऱ्यांनी किंकाळ्या आणि बापलेकाचं भांडण ऐकलं. त्यानंतर एकदा त्या मला म्हणाल्या, "अगं, किंकाळी तर आलीच होती. आणि त्या पोराचा आवाजही." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांना ती किंकाळी खरोखर ऐकू येत होती.

एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये एक प्रयोग केला होता. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या धाडकन आदळल्या तेव्हा किती होता. आठवड्याने पुन्हा विचारलं की फुटलेल्या काचा पाहिल्या का. फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच, पण 'धाडकन' ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना ती आठवली. प्रश्नातल्या एका शब्दाने एवढं होतं. आजींवर तर रोज नवा व्हिडिओ आदळत होता. खुनाच्या रात्रीबद्दल या गावात जे काही खरं कुणाच्या कानांनी ऐकलं असेल त्यातलं एक आजींकडे होतं, मागच्या बाजूचं भुंकणं आणि पत्र्याचा आवाज. ते किंकाळीखाली गाडलं गेलं. याचा मला अजून राग आहे.

पुढे पोलिसांनी अटक केली. मुलगा आरोपी नव्हता. या गुन्ह्यातली फिर्याद त्याचीच आहे, तो पहिला साक्षीदार आहे. बातमी आली त्या संध्याकाळी मला वाटलं, आता तरी लोक थांबतील. दोन तासांत मजकूर आला, 'सेटिंग झालं, भलत्यालाच अडकवलं.' नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र कोर्टात गेलं. ते वाचून सगळ्यांना कळेल असं मला वाटत होतं, पण दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवलं आहे. ते योग्यच आहे, त्यात साक्षीदारांची नावं-पत्ते असतात. पण त्यामुळे घड्याळाची गोष्ट पंचनाम्याच्या पानातच राहिली आणि फोटो फिरत राहिला.

साक्षीचं समन्स घेऊन पोलीस आले. कोर्टात सकाळी लवकर जाऊन बसले. साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला आत बसू देत नाहीत, म्हणून व्हरांड्यात. पुकारा झाला, आत गेले, शपथ घेतली. सरतपासणीत सरकारी वकिलांनी कॅमेरा, डीव्हीआर, पंचनामा, प्रमाणपत्र सगळं ओळीने विचारलं. सीलबंद पाकीट माझ्यासमोर उघडलं, लाख तशीच होती, लेबलावरच्या सह्या मी ओळखल्या. मग कोर्टात चित्रण लावलं.

आणि तिथे मी जे पाहिलं ते तोवर मीही पाहिलेलं नव्हतं, कारण त्या रात्री केबिनपाशी मी नव्हतेच आणि नंतर डिस्क सील झाली होती. पडद्यावर १०.०९ला मुलगा आत आला. चित्रण पुढे गेलं. १०.२६ला गेटमधून निळ्या दिव्याची गाडी आत आली. पोलिसांची ११२ची गाडी. ११२च्या नोंदीत गाडी पोचल्याची वेळ १०.५३ आहे. बरोबर सत्तावीस मिनिटांचा फरक. म्हणजे त्या व्हायरल फोटोतली वेळ खरी धरायची तर ११२ला फोन जायच्या पंधरा मिनिटं आधीच पोलीस दारात उभे होते, असं मानावं लागलं असतं. ज्यांनी त्या रात्री रेकॉर्डिंग मागे नेलं त्यांनी ही गाडी आपल्या डोळ्यांनी आत येताना पाहिली होती, आणि रेकॉर्डिंग सतरा मिनिटं पुढे नेलं असतं तर तिची वेळही त्यांना दिसली असती. त्यांना हवा तो क्षण मिळाला होता, पुढे बघायची गरज वाटली नाही.

उलटतपासणीला आरोपीचे वकील उठले. त्यांनी तोच फोटो काढला, छापील.

"हा फोटो तुम्ही पाहिला आहे?"

"हो."

"गावात फिर्यादीवरच संशय होता, हे खरं आहे?"

मी म्हणाले, "लोक तसं लिहीत होते. मी स्वतः तसं काही पाहिलेलं नाही."

"तुमच्या सोसायटीतल्या लोकांनीही लिहिलं होतं ना? मग त्यांना काहीतरी माहीत असणार?"

सरकारी वकिलांनी हरकत घेतली, पण मला जे समजायचं ते समजलं होतं. महिनोन्महिने ज्यांनी न्याय मागतो आहोत म्हणून लिहिलं, त्यांचं लिखाण आता आरोपीच्या वकिलांच्या फाईलमध्ये होतं. वकिलांचा त्यात दोष नाही, अशिलाचा बचाव करणं हे त्यांचं काम आहे आणि ते त्यांनी नीट केलं. त्यांनी घड्याळाबद्दलही खोदून विचारलं. सत्तावीस मिनिटांचा फरक त्या रात्रीही तेवढाच होता कशावरून? नंतर कुणी मशीनची वेळ बदलली नाही कशावरून? मी पोलिसांच्या गाडीची वेळ दाखवली, म्हटलं, हा फरक त्या रात्रीच्याच चित्रणात आहे. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

बाहेर आले तर मुलगा व्हरांड्यात उभा होता. त्याची साक्ष आधीच झाली होती, त्या दिवशी तो नुसता आला होता. "मावशी, गाडी दिसली?" एवढंच त्याने विचारलं. त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण आत गेलो आणि बाहेर येऊन फोन केला यात किती वेळ गेला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण त्याचं कोणी ऐकायलाच तयार नव्हतं, आणि पोलिसांनी त्यालाही बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर कोर्टात जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. १०.०९, १०.३६, १०.४१, १०.२६, १०.५३. दुसरं काही नाही. सात-आठ जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली. एकाने मुलाला फोन करून माफी मागितली, हे मला त्याच्याकडूनच कळलं. एकाने विचारलं, 'पण मग तो रडला का नाही?' त्याला मी उत्तर दिलं नाही.

आता आजींना समन्स आलं आहे. परवा त्यांनी मला बोलावून घेतलं, कागद हातात दिला आणि विचारलं, "तू होतीस ना गं तेव्हा? मी काय सांगितलं होतं साहेबांना? किंकाळीचं सांगितलं होतं का?"

मला ते शब्दन् शब्द आठवतं. पण एका साक्षीदाराने दुसऱ्याला काय सांगायचं ते सांगायचं नसतं. मी म्हटलं, "आजी, ते मी नाही सांगू शकत. सरकारी वकिलांना आधी भेटू, ते तुम्हाला तुमचा जबाब वाचून दाखवतील. मग तुम्हाला जे खरंच आठवतंय तेच सांगा."

"मला तर आता सगळंच आठवतंय," त्या म्हणाल्या.

वकिलांची वेळ सोमवारची मिळाली आहे. मी त्यांना घेऊन जाणार आहे, बाहेर बाकावर बसणार आहे.